कोणती मधमाशी?

जून 2024 ते फेब्रुवारी 2025 या काळात अमेरिकेतल्या व्यावसायिक मधपाळांच्या सरासरी साठ टक्क्यांच्या आसपास वसाहती मेल्या. तिथल्या मधमाशीपालनाच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या नुकसानींपैकी हे एक. आता दुसरा आकडा पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या नोंदींनुसार 1961 मध्ये जगात पाळीव मधमाश्यांच्या वसाहती पाच कोटींच्या आसपास होत्या. आज त्या दहा कोटींच्या पुढे गेल्या आहेत. ‘मधमाश्या संपत चालल्या’ अशा मथळ्याखाली पहिल्या जातीचे आकडे हमखास येतात, दुसरा क्वचितच दिसतो. खरे दोन्ही आहेत.

जगातला मधाचा धंदा मुख्यतः एपिस मेलीफेरा या एका जातीवर चालतो. आपल्याकडे तिला सरसकट ‘इटालियन’ म्हणतात. ती गाईम्हशींसारखी पाळीव आहे: वसाहत मेली की मधपाळ उरलेल्यांपैकी एखादी दोन भागांत विभागतो, नवी राणी विकत आणतो आणि पुढच्या हंगामापर्यंत रिकामी पेटी भरून काढतो. म्हणूनच माश्या भरमसाट मरतात, तरी पेट्यांची एकूण संख्या वाढत राहते. यात कंबरडं मोडतं ते मधपाळाचं. महाराष्ट्राच्या रानात आणि शिवारात मात्र इटालियन माशी येण्याच्या कितीतरी आधीपासून दुसऱ्या माश्या नांदत आहेत. झाडाच्या ढोलीत आणि खडकाच्या कपारीत एकामागे एक पोळी बांधणारी सातेरी, उंच फांदीला किंवा कड्याला एकच भलंमोठं पोळं टांगणारी आग्या, झुडपात तळहाताएवढं पोळं करणारी फुलोरी आणि भिंतीच्या भेगेत राहणारी, डंख नसलेली पोयाची माशी. यांच्या पलीकडे एकेकट्या राहणाऱ्या, मधाचा साठा न करणाऱ्या माश्या आहेत. भारतात माश्यांच्या एकूण सातशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यातल्या बहुतेक अशा एकांड्या आहेत. यातली फक्त सातेरी आणि काही प्रमाणात पोयाची माशी पेटीत राहते. बाकीच्यांना मालक नाही, त्यामुळे त्यांच्या नुकसानीचा पंचनामाही होत नाही. रानातल्या मोहोळांची देशव्यापी गणना आपल्याकडे केली जात नाही.

पाळीव माशीच्या हालांची गोष्ट तरीही आधी सांगायला हवी, कारण त्या हालांचा उगम आपल्या बाजूला, आशियात, आहे.

2006 च्या नोव्हेंबरात पेनसिल्व्हेनियाचे मधपाळ डेव्ह हॅकेनबर्ग यांना फ्लोरिडात ठेवलेल्या त्यांच्या बऱ्याच पेट्या ओस पडलेल्या आढळल्या. राणी होती, पिलावा होता, मधही होता. कामकरी माश्या तेवढ्या नाहीशा झाल्या होत्या आणि आसपास मेलेल्या माश्यांचा खचही नव्हता. या प्रकाराला ‘कॉलनी कोलॅप्स डिसऑर्डर’ असं नाव मिळालं आणि वर्षभरात ते जगभरच्या वर्तमानपत्रांत पोहोचलं. शास्त्रज्ञांनी एकच एक कारण शोधायचा खूप प्रयत्न केला. हाती आली ती कारणांची गुंतवळ: परजीवी, त्यांच्यासोबत येणारे विषाणू, कीटकनाशकं, एकाच पिकावर काढावे लागणारे आठवडे आणि ट्रकवरचा प्रवास. दर फेब्रुवारीत कॅलिफोर्नियाच्या बदामबागांत देशभरातून वीस लाखांच्या आसपास पेट्या आणल्या जातात. इतक्या वसाहती एका खोऱ्यात गोळा झाल्यावर एकीचा रोग दुसरीला लागायला कितीसा वेळ लागणार?

परजीवींमध्ये सर्वांत घातक ठरला तो व्हरोआ. जेमतेम दीड मिलिमीटर रुंदीचा हा तांबूस, चपटा, कोळ्याच्या कुळातला जीव 1904 मध्ये जावा बेटावर पहिल्यांदा नोंदला गेला, तोही सातेरीच्याच जातीच्या, म्हणजे एपिस सेरानाच्या पोळ्यात. सातेरीने त्याच्यासोबत राहायचं हजारो वर्षांत शिकून घेतलं आहे. तिच्या वसाहतीत तो वाढतो तो मुख्यतः नरांच्या घरांत, कामकऱ्यांच्या घरांत त्याची वीण जवळपास होतच नाही. शिवाय माश्या एकमेकींच्या अंगावरून त्याला ओढून काढतात. माणसाने मेलीफेराच्या पेट्या पूर्व आशियात नेल्या आणि विसाव्या शतकात व्हरोआला नवं, बेसावध घर मिळालं. 1987 मध्ये तो अमेरिकेत सापडला. तो माशीचं रक्त पितो असं कैक वर्षं मानलं जात होतं. कीटकशास्त्रज्ञ सॅम्युअल रॅम्सी यांनी 2019 मध्ये दाखवलं की तो तिच्या शरीरातल्या मेदपेशी खातो. यकृताचं आणि रोगप्रतिकाराचं अशी दोन्ही कामं माशीच्या शरीरात याच पेशी करतात. वर पंख वेडेवाकडे करणारा विषाणू तो एकीकडून दुसरीकडे पोहोचवतो. 2024-25 मधल्या अमेरिकेतल्या पडझडीचा तपास केला तेव्हा मेलेल्या वसाहतींत व्हरोआमार्फत पसरणारे विषाणू मोठ्या प्रमाणात मिळाले, आणि ज्या अमिट्राझ औषधावर मधपाळांचा सगळा भरवसा होता त्याला व्हरोआ दाद देईनासा झाल्याचंही दिसलं.

मोठ्या मधउत्पादक देशांपैकी ऑस्ट्रेलियाने त्याला सगळ्यात जास्त काळ दाराबाहेर रोखलं. बंदरांजवळ मुद्दाम पहाऱ्याच्या पेट्या ठेवलेल्या होत्या. जून 2022 मध्ये न्यूकॅसल बंदराजवळच्या अशाच पेट्यांत तो आढळला. हजारो वसाहती नष्ट करूनही फैलाव आवरेना, तेव्हा सप्टेंबर 2023 मध्ये सरकारने त्याचं उच्चाटन करायचा नाद सोडला.

सातेरी व्हरोआला पुरून उरली, पण म्हणून ती सुखरूप नाही. 1991-92 मध्ये केरळ, कर्नाटक आणि तमिळनाडूत ‘थाई सॅकब्रूड’ या विषाणूने तिच्या नव्वद टक्क्यांहून अधिक पाळीव वसाहती संपवल्या. या रोगात अळी कोषात जाण्याआधीच मरते आणि तिच्या कातडीची पाण्याने भरलेली पिशवी होते. त्यावर औषध नाही. पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या मडक्यात किंवा लाकडी पेटीत सातेरी पाळणारी घरं एका हंगामात रिकामी झाली आणि बऱ्याच जणांनी हा उद्योग कायमचा सोडला. पुढे सातेरी सावरली ती रोगातून वाचलेल्या वसाहतींमधून, माणसाच्या पेटीतल्या आणि रानातल्याही. रानात माशी शिल्लक असली तर पेटीतलं नुकसान भरून येतं. हा धडा कृषी खात्यांच्या योजनांमध्ये अजून नीट उतरलेला दिसत नाही.

महाराष्ट्राच्या योजनांचं केंद्र महाबळेश्वर. 1946 मध्ये तिथे मधमाशीपालनाचं काम सुरू झालं. आज राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय तिथेच आहे. जांभूळ, हिरडा, गेळा, पिसा आणि सात-आठ वर्षांनी एकदा डोंगर जांभळे करणारी कारवी, असा तिथला फुलोरा सातेरीच्या सवयीचा. तिचा मध इटालियनच्या तुलनेत थोडा असतो आणि तिला जागा आवडली नाही तर ती पेटी सोडून सरळ निघून जाते. म्हणून सपाटीवरच्या मधपाळांनी मेलीफेरा जवळ केली. 1962 मध्ये प्रा. ए. एस. अटवाल यांनी तेव्हाच्या पंजाबातल्या नगरोटा इथे तिचा जम बसवला, आणि मोहरीच्या शेतांमधून ती उत्तर भारतभर पसरली. देशाचं वार्षिक मध उत्पादन अलीकडे 1 लाख 40 हजार टनांच्या आसपास पोहोचलं, त्यात तिचा वाटा मोठा. केंद्राने 2020 मध्ये राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियानासाठी 500 कोटी रुपये मंजूर केले. अभियानाच्या नावातच मध आहे, आणि यश मोजायची मापंही टन, पेट्या आणि निर्यातीची. यात गैर काही नाही. फक्त या मापांत आग्यामोहोळ कुठेच बसत नाही.

आग्याला आपण दोनच वेळा आठवतो: मध हवा असतो तेव्हा आणि शिवनेरीवर किंवा पांडवलेण्यांत तिने पर्यटकांना पळवून लावल्याची बातमी येते तेव्हा. ती फिरस्ती आहे. पावसाळा सरल्यावर येते, फुलोरा आटला की उठते आणि मैलोन्‌मैल लांबच्या रानात जाते. वर्षानुवर्षं त्याच वडाला, त्याच कड्याला तिची मोहोळं परत लागतात. वड तुटला की ती पाण्याच्या टाकीखाली आणि इमारतीच्या सज्जाखाली पोळं बांधते, आणि तिथे सोसायटीचे सदस्य पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन करतात. एका फवाऱ्यात हजारो माश्या खाली पडतात. काही महिन्यांत त्या आपण होऊन जाणार होत्या, हे बहुधा कोणाच्या ध्यानात येत नाही. शहरात तिच्यासमोर आणखी एक संकट आहे. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या गीता तिम्मेगौडा आणि सहकाऱ्यांनी शहरातल्या वेगवेगळ्या भागांतल्या आग्या माश्यांचा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध केला. मध्यम आणि जास्त प्रदूषित जागांवरून पकडलेल्या माश्यांपैकी 80 टक्क्यांहून अधिक माश्या 24 तासांत मेल्या. फुलांवरच्या त्यांच्या फेऱ्याही स्वच्छ हवेतल्या माश्यांपेक्षा कमी होत्या.

रानात तिच्या जिवावर उठतो तो टेंभा. रात्री मोहोळाला आग दाखवायची, माश्या जाळायच्या किंवा पळवायच्या आणि पिलाव्यासकट सगळं पोळं पिळून घ्यायचं, ही जुनी रीत. तिच्यात मधही गढूळ निघतो. वर्ध्याच्या मधमाशी विकास केंद्राच्या डॉ. गोपाळ पालीवाल यांनी मेळघाटातल्या आणि इतर भागांतल्या मध गोळा करणाऱ्यांना दुसरी पद्धत शिकवली: अंगभर जाळीचा पोशाख, थोडा धूर आणि पोळ्याच्या एका टोकाचा फक्त मधाचा गड्डा कापून घेणं. पिलावा तसाच राहतो, माश्या जागा सोडत नाहीत, आणि फुलोरा असला तर त्याच पोळ्यातून पुन्हा मध मिळतो. मधमाशी वाचवण्याच्या बाबतीत महाराष्ट्राने देशाला दिलेली ही बहुधा सर्वांत मोलाची देणगी असावी, आणि तिची चर्चा पेट्यांच्या वाटपाएवढी होत नाही.

शेतातला प्रश्न सगळ्यांना ठाऊक आहे, तरी त्यातली गुंतागुंत पाहायला हवी. निओनिकोटिनॉइड गटातली कीटकनाशकं बियाण्याला चोळली तरी पिकाच्या अंगात भिनतात आणि परागापर्यंत, मकरंदापर्यंत पोहोचतात. माशी लगेच मरतेच असं नाही. फ्रान्समध्ये 2012 साली माश्यांच्या पाठीवर सूक्ष्म चिप चिकटवून पाहिलं, तेव्हा याच गटातल्या थायामेथोक्झामची अत्यल्प मात्रा मिळालेल्या माश्या घरचा रस्ता चुकताना आढळल्या. युरोपीय संघाने अशा तीन रसायनांवर 2013 मध्ये मर्यादा आणली आणि 2018 मध्ये उघड्या शेतातला त्यांचा वापर बंद केला. आपल्याकडे पार्थिब बसू यांच्या कलकत्ता विद्यापीठातल्या गटाने ओडिशात काम केलं. कीटकनाशकांचा मारा जिथे जास्त, तिथल्या देशी माश्यांची वास ओळखण्याची क्षमता कमी झाल्याचं त्यांच्या 2015 च्या निबंधात दिसलं. वास येत नसेल तर माशीला फूल सापडणार कसं? केंद्राने 2020 मध्ये 27 कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला होता. त्यातल्या कित्येकांसमोर ‘मधमाश्यांना विषारी’ असं कारण छापलेलं होतं. 2023 च्या अंतिम आदेशात डायकोफॉल, डिनोकॅप आणि मेथोमिल या तिघांवर बंदी आली, तर मोनोक्रोटोफॉसचं 36 टक्क्यांचं द्रावण बंद करायचं ठरलं.

बंदीइतकाच वेळेचाही प्रश्न आहे. आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे येतात म्हणून फवारणी होते, डाळिंबाच्या बहारात तेल्या आणि कीड एकदम येते, कांद्याच्या बियाण्याच्या गोंड्यांवर फुलकिडे असतात. म्हणजे ज्या दिवसांत पिकाला माशी हवी असते, नेमके तेच दिवस पंपाचे. कांद्याचं उदाहरण बोलकं आहे. त्याच्या फुलात पराग आधी पिकतो आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो, त्यामुळे परक्या फुलाचा पराग कोणीतरी आणून द्यावाच लागतो. जालना, बुलडाणा या भागांतले बियाणं घेणारे शेतकरी मधमाश्या याव्यात म्हणून गोंड्यांवर गुळाचं पाणी शिंपडताना दिसतात. आदल्या दिवशी त्याच गोंड्यांवर काय मारलं होतं, याचा हिशेब अनेकदा कोणी घातलेला नसतो.

इथे एका लाडक्या गैरसमजाला बाहेरची वाट दाखवायला हवी. ‘मधमाश्या गेल्या तर माणूस चार वर्षांत संपेल’ हे वाक्य आइनस्टाइनच्या नावावर खपतं. त्याने ते लिहिल्याचा किंवा म्हटल्याचा कुठलाही पुरावा नाही. भात, गहू, ज्वारी, बाजरी यांना माशीची गरज नाही. जगातल्या मुख्य खाद्यपिकांपैकी तीन चतुर्थांश पिकांना प्राण्यांकडून होणाऱ्या परागीभवनाचा कमीअधिक फायदा होतो. एकूण उत्पादनाच्या वजनात या पिकांचा वाटा 35 टक्के. भाकरी शाबूत राहील. काकडी, भोपळा, कारलं, सूर्यफूल, कांद्याचं बियाणं आणि बरीचशी फळं मात्र कमी होतील, महागतील. तेवढी चिंता पुरेशी आहे, ती वाढवून सांगायची गरज नाही. मोबाइल टॉवरचंही तसंच. चंडीगडच्या पंजाब विद्यापीठात 2010 मध्ये चालू फोन थेट पेट्यांमध्ये ठेवून केलेला प्रयोग मोजक्या वसाहतींवरचा होता. त्यावरून गावाबाहेरचा टॉवर माश्या मारतो असा निष्कर्ष काढणं म्हणजे फवारणी करणाऱ्याला सोडून वाटसरूला पकडणं.

सगळ्यात कमी बोललं जातं ते उपासमारीबद्दल. पश्चिम महाराष्ट्रात उसाचे फड क्षितिजापर्यंत गेले, पण उसाला तुरा येण्याआधीच तोड होते आणि आला तरी त्यात माशीच्या पोटाला मिळतं ते नगण्य. सोलापूर-लातूरच्या पट्ट्यात एके काळी डोलणारं सूर्यफूल आता फार कमी राहिलं. बांध अरुंद झाले, बांधावरची बोर, करंज, शेवगा, जांभूळ गेली, तण म्हणून तरवड आणि रानतुळसही तणनाशकाने गेली. मग माशी गोड जिथे मिळेल तिथे जाते: गुऱ्हाळात, रसवंतीवर, मिठाईच्या दुकानात. 2011 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये तमिळनाडूतल्या संशोधकांचं एक साधं निरीक्षण प्रसिद्ध झालं. कॉफी-रसाच्या पाच दुकानांबाहेर टाकलेल्या कागदी पेल्यांतल्या साखरेच्या थेंबांकडे माश्या येत होत्या आणि चिकटून मरत होत्या. तीस दिवसांत मेलेल्या माश्यांचा आकडा 25 हजारांच्या वर गेला. झाकणाची कचरापेटी एवढाच त्यावरचा उपाय.

मदत कशी करायची, या प्रश्नाला सध्या मिळणारं सर्वांत लोकप्रिय उत्तर म्हणजे पेट्या वाटणं. कंपन्यांना सामाजिक जबाबदारीच्या अहवालात छायाचित्र चांगलं मिळतं. लंडनमध्ये गच्च्यांवर पेट्या ठेवण्याची लाट आली, तेव्हा क्यू इथल्या वनस्पतिशास्त्रीय उद्यानाने 2020 च्या अहवालात इशारा दिला की शहरात पेट्या इतक्या झाल्या आहेत की त्यांना पुरेल एवढी फुलं नाहीत आणि रानमाश्यांच्या तोंडचा घास हिरावला जातो आहे. फुलोरा न वाढवता पेट्या वाढवल्या तर महाराष्ट्रातही हेच होईल. त्यातही इटालियनच्या पेट्या सह्याद्रीच्या सातेरीच्या हद्दीत नेणं म्हणजे रोगांची देवाणघेवाण सुरू करून देणं.

पेट्या द्यायच्याच तर कोणत्या आणि कोणाला, याचं बऱ्यापैकी उत्तर मांघर गावाने दिलं आहे. महाबळेश्वरजवळचं हे गाव 16 मे 2022 रोजी देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. तिथली बहुतेक घरं सातेरी पाळतात आणि जंगल टिकवण्यात त्यांचा थेट स्वार्थ आहे. कोल्हापूर जिल्ह्यात भुदरगड तालुक्यातलं पाटगाव दुसरं. मुंबईच्या ‘अंडर द मँगो ट्री’ या संस्थेनेही महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशातल्या आदिवासी शेतकऱ्यांना सातेरीच शिकवली, कारण ती स्थानिक पिकांवर काम करते आणि वसाहत रानातून मिळवता येते. अर्थात मधाला भाव नसेल तर हे टिकत नाही. डिसेंबर 2020 मध्ये दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने बाजारातल्या मधात साखरेच्या पाकाची भेसळ असल्याचा अहवाल काढला. कंपन्यांनी तो फेटाळला. पण स्वस्त पाकाशी स्पर्धा करता करता मधपाळ धंदा सोडतो, ही तक्रार त्याआधीपासूनची आहे. खऱ्या मधाला चार पैसे जास्त देणं हा शहरी ग्राहकाला करता येण्याजोगा सर्वांत सरळ उपाय.

बाकी मदतीला पेटी लागत नाही. टोमॅटो आणि वांग्याच्या फुलातला पराग बंद नळीत असतो. तो झटकून काढायला विशिष्ट कंपनं लागतात, आणि ती मधमाशीला जमत नाहीत. भुंग्यांना आणि निळ्या पट्ट्यांच्या एकांड्या माश्यांना जमतात. त्यांतल्या काही वाळलेल्या लाकडात पोखरून राहतात, काही उघड्या मातीत बीळ करतात. म्हणजे बांधाचा एखादा कोपरा न नांगरता, न जाळता सोडला आणि तिथलं वाळकं खोड जागेवर राहू दिलं, तर वांग्याच्या शेतकऱ्याला फुकटचे मजूर मिळतात. परसात तुळस फुलू द्यावी, तिच्या मंजिऱ्या आल्या आल्या खुडू नयेत. शेवगा आणि कढीपत्ता लावावा, दोन्ही फुलले की माश्यांनी गजबजतात. उन्हाळ्यात उथळ ताटलीत खडे टाकून पाणी ठेवावं, नुसतं पाणी ठेवलं तर माश्या बुडतात. इमारतीवरचं आग्यामोहोळ उंचावर असेल आणि कोणाच्या वाटेत येत नसेल तर तसंच राहू द्यावं; धोका वाटलाच तर माश्या न मारता मोहोळ हलवणाऱ्या माणसांना बोलवावं.

फवारणीच्या वेळेबाबत कोकणातले आंब्याचे सल्ले सकाळचे तास टाळायला सांगतात, कारण तेव्हाच परागीभवन चालतं. माश्या संध्याकाळी परतल्यावर पंप सुरू करायला खर्च नाही. कॅलिफोर्नियात मधपाळाने नोंद केली असेल तर जवळपासच्या शेतात फुलांवर माश्यांना घातक औषध मारण्याआधी 48 तास त्याला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे डाळिंबाच्या किंवा कांद्याच्या हंगामात पेट्या घेऊन आलेला मधपाळ शेजारच्या शेतकऱ्याचा बेत अनेकदा फवारणी झाल्यावर, मेलेल्या माश्यांवरून ओळखतो. बहुतेक गावांत आता ग्रामपंचायतीचा व्हॉट्सअॅप गट आहे आणि त्यावर वीज जाण्याची, पाणी सुटण्याची सूचना येते. फवारणीची सूचना त्यावर टाकायला नवा कायदा लागत नाही, ग्रामसभेचा एक ठराव पुरतो.